अकरा पानी निवेदन दिलं तरी साहेब "बघतो" म्हणाले, चुकलं कुठे?

निफाडकर: नाशिकमधल्या शेतकरी कंपन्यांच्या एका संघासाठी सरकारदरबारी पाठपुरावा करतो. आईला सांगितलं लॉबिंग करतो, ती म्हणाली म्हणजे दलालीच ना. असो. मागच्या महिन्यात दिल्लीत एका अधिकाऱ्याची वेळ मिळाली, १५ मिनिटं, मी कांद्यावरच्या २०२३ च्या ४० टक्के निर्यात शुल्कापासून सुरू केलं आणि डिसेंबरच्या निर्यातबंदीपर्यंत येतोय तोवर साहेब घड्याळ बघायला लागले. पुढच्या वेळी काय करू?

गोदाकाठ: आधी सांग, कोणत्या टेबलावर गेला होतास? बंदी आणि किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या दराने माल बाहेर पाठवता येत नाही) डीजीएफटीकडे, म्हणजे वाणिज्य खात्याचं परकीय व्यापार महासंचालनालय, शुल्क अर्थ खातं, आणि नाफेड, एनसीसीएफ या सहकारी संस्था सरकारसाठी कांदा घेऊन ठेवतात तो बफर साठा ग्राहक व्यवहार खात्याकडे. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी टनाला किमान ५५० डॉलर दराची अट आणि ४० टक्के शुल्क होतंच की, शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तू नुसतं "निर्यात खुली करा" म्हणालास तर समोरचा मनात म्हणणार, यातलं माझ्या हातात काय आहे?

चाळवाला: आणि त्याची भीती आधी तूच बोलून टाक ना भाऊ. त्याला दिल्लीतल्या किलोच्या भावाचं टेन्शन असतं, लासलगावच्या क्विंटलचं नाही. मग लाल कांद्याचा मुद्दा काढ. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत चार-पाच महिने थांबतो, लाल थांबत नाही, काढला की विकावाच लागतो, आणि ती बंदी आली नेमकी लालच्या आवकेत, म्हणजे शेतकऱ्याला भाव पडला तरी माल घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मागणी पण छोटी ठेव, बंदी आलीच तर बंदरात पोचलेले कंटेनर तरी जाऊ द्या, एवढीच. "हो" म्हणायला सोपं काहीतरी दे त्याला. आकडे फुगवू नकोस, एकदा पकडला गेलास की पुढची भेट विसर.

सीएबुवा: आईंना सांग, आपल्याकडे लॉबिंगसाठी वेगळा कायदाच नाहीये, २०१३ ला लोकसभेत खासगी विधेयक आलं होतं पण पुढे काही झालं नाही. लाच देणारा मात्र भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर थेट गुन्हेगार ठरतो. तेव्हा बेदाण्याचा डबा नेणार असशील तर घरीच ठेव 😄

निफाडकर: डबा नेला होता, गेटवरच ठेवून घेतला. लाल-उन्हाळचा मुद्दा होता हो माझ्या निवेदनात, आठव्या पानावर. आज रात्री बसून एक पान करतो, उद्या इथे टाकतो, फाडा.