मदत हवी आहे: १९ वर्षांच्या शॉर्टस्टॉपचं पोटेन्शियल उतरायलंय

गोदाकाठ_जीएम (नांदेड)
ओओटीपी (आउट ऑफ द पार्क, बेसबॉल संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम) चालवायलोय. ड्राफ्टच्या म्हणजे नवीन पोरं निवडायच्या पहिल्या फेरीत घेतलेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर). ड्राफ्टला पोटेन्शियल (पुढं किती चांगला होईल त्याचा आकडा) ६५ होतं, आता ५० दाखवायलंय. दुखापत नाही, वर्क एथिक हाय आहे, डेव्हलपमेंटचं बजेट पण वाढवलंय. अजून कुठं पैसा घालायचा? ट्रेड डेडलाइन (खेळाडू अदलाबदलीची शेवटची तारीख) तोंडावर आलीय. ठेवू का विकू, तेवढं लवकर सांगा.

स्लायडर_परभणी
कोणत्या लेव्हलला खेळतोय? प्लेट अपिअरन्स (बॅटिंगला किती वेळा आला) किती? स्काउटिंग चालू आहे की बंद? नुसत्या ६५ नि ५० वरून काय सांगणार भाऊ.

विका_आणि_जिंका
विका. कोवळ्या पोराचा भाव आहे तोवर विकायचा असतो. समोरचा संघ स्वतःच्या स्काउटच्या (खेळाडू पारखणाऱ्याच्या) डोळ्यानं बघतो, त्याला अजून ६० दिसत असेल. बदल्यात तयार पिचर घ्या.

गोदाकाठ_जीएम (नांदेड)
ट्रिपल-एला (मायनरची म्हणजे खालच्या लीगची सगळ्यात वरची पायरी) आहे. बॅटिंग अ‍ॅव्हरेज .१७१, वर स्ट्राइकआउट ३४ टक्के. स्काउटिंग चालू, नॉर्मलवर. ट्रिपल-एला दुसरा चांगला शॉर्टस्टॉप आहे म्हणून ह्याला फर्स्ट बेसला लावलाय. पण मी बजेटचं विचारलं होतं.

स्लायडर_परभणी
बजेटला हात लावू नका, अडचण तिथं नाहीच. तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात.

पहिली, फर्स्ट बेस. हा गेम ओव्हरऑल आणि पोटेन्शियल पोझिशन धरून काढतो. शॉर्टला चांगली रेंज असणाऱ्याला मध्यम बॅटवरही मोठा आकडा मिळतो, फर्स्ट बेसला तीच बॅट तोकडी पडते. प्रोफाइलवर १बी (फर्स्ट बेस) लिहिलेलं असेल तर पोरगा तसूभर न बदलता आकडा पडतो. म्हणून एकच मोठा आकडा बघू नका. कॉन्टॅक्ट, गॅप, पॉवर, आय, अव्हॉइड-के (स्ट्राइकआउट टाळणं) ह्या बॅटिंगच्या आकड्यांचं पोटेन्शियल ड्राफ्टच्या रिपोर्टशी एकेक करून ताडून बघा.

दुसरी, स्काउट. नॉर्मलवर त्याचं मत म्हणजे अंदाजच. त्याचा आकडा आणि ओएसएचा (गेममधली सगळ्यांसाठीची सामाईक स्काउटिंग संस्था) आकडा शेजारी ठेवा. ओएसए अजून ६० म्हणत असेल नि तुमचाच ५०, तर एवढ्यावर पोरगा विकण्यात अर्थ नाही. दोघंही उतरले असतील तर घसरण खरी समजा.

तिसरी, लेव्हल, आणि खरं नुकसान इथंच होतंय. हायस्कूलमधून आलेला पोरगा ट्रिपल-एला म्हणजे फार वर. आत्ताचा कॉन्टॅक्ट ३०-३५ च्या आसपास असणार, तिथं त्याचा निभाव लागत नाही. झेपत नाही अशा लेव्हलला ठेवलं की वाढ खुंटते, बेंचवर बसवला तरी खुंटते. सिंगल-एला उतरवा, रोज खेळवा. तिथं २०० प्लेट अपिअरन्सनंतर डब्ल्यूआरसी+ (बॅटिंगचा एकूण आकडा, १०० म्हणजे सरासरी) १२० च्या वर असेल तर एक पायरी वर, हाय-ए. ७० च्या खाली असेल तर आणखी एक पायरी खाली.

लातूर_लेफ्टी
टॅलेंट चेंज रँडमनेस कितीवर आहे ते कोणी विचारलंच नाही. डिफॉल्ट १०० असतं. कुणाची तयार लीग फाइल घेतली असेल नि तिथं १५० असेल, तर पोटेन्शियल असंच वरखाली उड्या मारणार, लेव्हल काही करा. सेटिंग बघा. आणि एवढी शंका असेल तर कमिशनर मोड लावून एडिटरमध्ये खरे आकडे एकदा बघून घ्या.

स्लायडर_परभणी
रँडमनेसचं बरोबर. पण कमिशनर मोडमधून बघायचं तर मग स्काउटिंग बंद करूनच खेळावं. खरा आकडा कळला की पुढचा प्रत्येक ट्रेड त्याच माहितीवर होतो.

लातूर_लेफ्टी
एकट्यानं खेळणाऱ्याला काय फरक पडतो? ऑनलाइन लीगमध्ये करू नये, एवढंच.

विका_आणि_जिंका
एवढा वेळ कुठाय? रूल ५ ला (४० जणांच्या रोस्टरवर नसलेली मायनरची पोरं दुसऱ्या संघांनी उचलायचा ड्राफ्ट) कुणीतरी उचलून नेईल. ४० जणांच्या रोस्टरवर घ्यावं लागेल, एक जागा अडणार.

स्लायडर_परभणी
चुकीचं सांगताय. सही करताना वय १८ किंवा कमी असेल तर पाच सीझन संरक्षण असतं, १९ किंवा जास्त असेल तर चार. ह्याला आत्ता ४० मध्ये घेणं म्हणजे उलटं नुकसान. नंतर खाली पाठवून २० दिवस झाले की एक ऑप्शन वर्ष (४० मधल्या पोराला खाली पाठवायची मुभा असलेलं वर्ष) जळतं, आणि अशी वर्षं मिळतात फक्त तीन.

अंबड_रोड
मध्येच विचारतो. माझ्या स्टार्टरकडं (मॅच सुरू करणारा पिचर) तीन पिच आहेत: फास्टबॉल ६०, स्लायडर ५५, चेंजअप २५, पण चेंजअपचं पोटेन्शियल ५०. स्टॅमिना ६०. बुलपेनला (मागून येणाऱ्या रिलीव्हर पिचरांत) टाकू का?

लातूर_लेफ्टी
वय २३ च्या आत असेल तर नको. मायनरमध्ये स्टार्टरच ठेवा, इनिंग्ज जास्त मिळतात. तिसरा पिच ४५ च्या पुढं गेला तर रोटेशनमध्ये (पाळीनं येणाऱ्या स्टार्टरांत) चालेल, नाही गेला तर रिलीव्हर कधीही करता येतो. स्टॅमिना कमी असता तर गोष्ट वेगळी होती.

सॉफ्टबॉल_बीड
आपल्याकडची आणखी पोरं खरंच तिकडं अमेरिकेत गेली असती तर! २००८ ला पिट्सबर्ग पायरेट्स ह्या मेजर लीग संघानं रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ह्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं. गेममध्ये काल्पनिक लीग करता येते, शहरांची नावं आपली टाका. जालना, लातूर, धाराशिव असे आठ संघ करून बघा.

गोदाकाठ_जीएम (नांदेड)
ओएसए ६० म्हणायलंय. रँडमनेस १०० च आहे. सिंगल-एला शॉर्टवर पाठवला होता, पण आठवडाभर सिम केलं की परत ट्रिपल-एला. काहून?

स्लायडर_परभणी
मायनरचे प्रमोशन-डिमोशन एआयकडं दिलेले असणार. मॅनेजर सेटिंगमध्ये ते स्वतःकडं घ्या, मग पोरगा खाली पाठवा. सिंगल-एच्या डेप्थ चार्टमध्ये (कोण कुठं खेळणार त्याची यादी) शॉर्टला त्याचं नाव पहिलं आहे का तेही बघा, नाहीतर एआय जुन्यालाच खेळवेल. प्रोफाइलवरची पोझिशन परत एसएस (शॉर्टस्टॉप) झाली की पोटेन्शियल किती दाखवतं ते टाका. डेडलाइनचं त्यानंतर बोलू.