‘पुंडलिक’ची फिल्म उरली नाही, म्हणून त्याचं पहिलेपणही जातं का?

गिरगावकर:
18 मे 1912 ला आमच्या गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच थेटरात आला 3 मे 1913 ला. तरी पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान फाळक्यांचा! कारणं ठरलेली: ‘पुंडलिक’ हे रामराव कीर्तिकरांच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरामन इंग्रज होता, फिल्म धुवायला लंडनला गेली. अहो, पण कथा आपली, नट आपले, तिकीट काढून बघणारे आपले. फिल्म धुतली कुठे यावर मान ठरवायचा? आज तिचा तुकडाही उरलेला नाही, म्हणून तोरण्यांची बाजू लंगडी पडते. फार वाईट वाटतं.

रंगपट:
असहमत. लंडनचा मुद्दा सोडून देते. पण रंगमंचावरचं नाटक टिपणं वेगळं आणि पडद्यासाठी कथा रचणं वेगळं. फाळक्यांनी ते दुसरं केलं, फिल्म धुण्यापर्यंत सगळं घरात उभं केलं. आणि नाटकाचं चित्रण चालत असेल, तर हिरालाल सेन यांचं काय? कोलकात्याच्या क्लासिक थिएटरची नाटकं त्यांनी तोरण्यांच्या कितीतरी आधी टिपली, ‘अलीबाबा’ त्यातलंच. 1917 च्या आगीत त्यांचं सगळं काम गेलं. त्यांना डावलून पुंडलिकाला पुढे कसं आणणार?

गिरगावकर:
सेन यांच्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, मान्य. पण नुसतं टिपणं कसं म्हणता? एका जागी कॅमेरा ठेवून केलेलं चित्रण तोरण्यांना आवडलं नाही, मग त्यांनी तुकड्यातुकड्यांनी चित्रण करून ते जोडलं, असं सांगतात. हे संकलनच झालं ना?

रंगपट:
‘सांगतात’ इथेच गाडी अडते. तुकडे कसे जोडले ते बघायला फिल्म नाही. न बघितलेल्या जोडकामावर मी इतिहास फिरवणार नाही.

चाळीतली खिडकी:
मग ‘हरिश्चंद्र’ तरी कुठे धड बघितलाय आपण? चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचंच उरलंय, आणि तेही फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचं, असं अभ्यासक म्हणतात. त्यात तारामती झालेत अण्णा साळुंके, म्हणजे नाटकाची रीत तिथेही सुटलेली नव्हती. पुरावा हवा, तर दोघांनाही सारखाच मागा.

रंगपट:
हे पटलं. पण सारखा पुरावा मागायचा तर सेनांनाही रांगेत घ्या, आणि मग पुंडलिक पहिला राहत नाही.

गिरगावकर:
घ्या, आनंदाने घ्या. तोरणे दुसरे ठरले तरी चालतील. आज त्यांना रांगेतच उभं करत नाहीत, भांडण त्याचं आहे.