नवीन १२ बोअर पंप अ‍ॅक्शन बंदूक: बार झाल्यावर पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) अडकते, मदत हवी आहे

मंडळी, बंदुकीची जाण असलेल्यांनी कृपया वाचा. भात कापणीला आलं आहे आणि मला लवकर उत्तर हवं आहे.

राजापूर तालुक्यात खाडीच्या बाजूला आमची मळ्यातली भातशेती आहे, वर सड्याला लागून काजू आणि आंब्याची कलमं. लोंब्या भरल्या की रात्री डुकरं उतरतात. खातात त्याच्या कितीतरी पट लोळवून नासतात. गडग्यावर जुन्या साड्या बांधणं, डबे वाजवणं, फटाके, सगळं थोडे दिवस चालतं, मग ती सरावतात. वडिलांची ठासणीची बंदूक होती. पावसाळी रात्री तिची दारू दमट व्हायची आणि एक बार काढला की पुन्हा ठासेपर्यंत कळप अर्ध्या मळ्यात फिरून यायचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम १३ शेतीसंरक्षणासाठी आधी ठासणीचीच बंदूक धरतं. ती पुरेशी नाही हे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तरच गुळगुळीत नळीची दुसरी मिळते. ते पटवून देऊन, कागद पुरे करून यंदा पंप अ‍ॅक्शन, म्हणजे नळीखालची मूठ (पंप) मागे-पुढे ओढून काडतूस बदलायची बंदूक, हातात आली. म्हणून तिचं हे दुखणं जिवाला फार लागलं आहे.

बार नीट होतो. चाप ओढल्यावर पंपाचं कुलूप सुटल्याचं हाताला कळतं, पंप बोटभर मागे येतो आणि तिथेच घट्ट बसतो. जोर लावला तर कधी पुंगळी निघते, कधी अजिबात नाही. क्वचित निघते, पण बाजूच्या खिडकीतून बाहेर न पडता बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा) आणि खिडकीच्या कडेमध्ये चिमटून राहते. डमी (दारू नसलेली) काडतुसं घालून घरी पंप चालवला तर एकही अडकत नाही, सगळी टपाटप बाहेर पडतात. म्हणजे अडचण फक्त बार झालेल्या काडतुसाची आहे.

पुंगळी अडकलेली असते तेव्हा नळीखालच्या मॅगझिनमध्ये (काडतुसं साठवायच्या नळकांड्यात) भरलेली काडतुसं असतात. अंधारात, माळ्यावर बसून, अशी बंदूक हातात घेऊन झटापट करणं मला मान्य नाही. तसं झालं की मी राखण तिथेच थांबवतो. बोट चापापासून लांब, नळी बांधाकडे, आणि उजेडात येऊन मॅगझिन रिकामं करतो.

गावात दोन सल्ले मिळाले. एक, दस्ता जमिनीवर आपटून पंप ओढ. दुसरा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) पॉलिश पेपर फिरव. दोन्ही मी केलेले नाहीत. दुकानदार म्हणतो, परत पाठवा, कारखान्यातून यायला वेळ लागेल. तोवर भाताचं काय उरणार? शिवाय निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करायला लावू शकतात, तो काळ वेगळाच.

दोष बंदुकीत आहे की काडतुसात, हे घरच्या घरी, काहीही न बिघडवता, कसं ओळखायचं?

प्रतिसाद (कणकवलीहून)

पंप शेवटपर्यंत मागे ओढतास मां? माझ्या भावाच्या नव्या बंदुकीक तसाच होता. डुक्कर दिसला की माणूस घाईत हात अर्ध्यार थांबवता, मग पुंगळी खिडकेत चिमटता. मागे एकदम ठोकून ओढूचा, हळू नाय.

प्रतिसाद (गुहागरहून)

वरचा मुद्दा चिमटण्याला लागू आहे, पण पंप बोटभर येऊन थांबतो त्याला नाही. तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या धरा. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा काडतुसाच्या धातूच्या बुडाची कड धरून पुंगळी चेंबरमधून खेचतो. ती मागे आल्यावर इजेक्टर कडेच्या दुसऱ्या बाजूला अडतो आणि पुंगळी खिडकीतून फेकली जाते. तुमची मुख्य अडचण पहिल्या कामात आहे. चेंबरच पुंगळी सोडत नाही, आणि सगळा जोर तिला सोडवण्यात गेला की पंपाचा उरलेला प्रवास लंगडा होतो. मग ती चिमटते. चिमटणं हा बहुतेक वेळा त्याचाच परिणाम असतो.

अडकलेल्या पुंगळ्या जपून ठेवल्या असतील तर त्यांची कड भिंगातून बघा. एका जागी वाकली किंवा फाटली असेल तर आकडा जिवाच्या आकांताने ओढतोय आणि चेंबर धरून ठेवतंय. कडेवर खूणच नसेल आणि पुंगळी आत राहिली असेल तर आकडा घसरतोय: त्याखाली घाण असेल नाहीतर त्याची स्प्रिंग मंद असेल.

मग बुडाला चुंबक लावा. सोनेरी दिसणारी सगळी बुडं पितळेची नसतात. स्वस्त काडतुसांत पोलादावर नुसता मुलामा असतो. बार झाल्यावर बूड दाबाने फुगतं. पितळ पुन्हा आकसतं, तसलं पोलाद तितकं आकसत नाही आणि चेंबरच्या भिंतीला धरून बसतं. त्यात आपल्या खाऱ्या हवेत बुडावर गंजाचे ठिपके आले तर आणखी खरखरीत. मोडून उघडायच्या दुनळीला हे चालून जातं, कारण तिथे तरफ मोठी असते आणि उरलेलं बोटांनी उपसता येतं. पंपाकडे फक्त तो एक आकडा आणि तुमचा दंड.

काडतुसाची लांबीही नळीवर कोरलेल्या आकड्याशी जुळवा. काडतुसावर लिहिलेली लांबी दुमडलेलं तोंड उघडल्यानंतरची असते, म्हणून ७० मिलिमीटरचं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बसतं, पण बार झाल्यावर तोंडाला पूर्ण उघडायला जागा पुरत नाही. ते अडकू शकतं, शिवाय दाब वाढतो, ते धोक्याचं.

शेवटी बंदूक पूर्ण रिकामी करून नळी काढा. नवीन बंदुकीत गंज लागू नये म्हणून भरलेलं दाट ग्रीस चेंबरमध्ये असतं, वरवर पुसून निघत नाही. ब्राँझचा ब्रश आणि सॉल्व्हंट वापरा, मग कोरडं कापड. चेंबरमध्ये तेल भरून ठेवू नका, पुसटसा हात पुरे. नळी हातात असतानाच डमी आत सोडा: स्वतःच्या वजनाने कडेपर्यंत जायला हवी आणि नळी उलटी केली की पडायला हवी.

दस्ता आपटायचा नाही हे बरोबर केलंत, मॅगझिन भरलेलं असताना तर कधीच नाही. पॉलिश पेपरलाही नाहीच म्हणा. घासून चेंबर मोठं झालं तर ते परत लहान होत नाही. शस्त्राच्या दुरुस्तीलाही कलम ५ खाली परवाना लागतो, त्यामुळे गावच्या लोहाराकडे नेऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चुंबक चिकटला, बुडं पोलादाची निघाली. चार पुंगळ्यांची कड एकाच जागी वाकलेली आहे, एकीची फाटली आहे. नळीवर ७० मिलिमीटर कोरलंय, काडतुसंही ७० चीच, त्यामुळे लांबीची शंका गेली. चेंबरच्या तोंडाशी ब्रशला तपकिरी चिकट थर लागला, कापड दोनदा बदलावं लागलं. आता डमी नुसती सोडली की आत जाते आणि उलटं केलं की पडते. आधी ती शेवटच्या टोकाला जरा थांबत होती.

पितळी बुडाची काडतुसं परवान्यावर चढवून आणायला उद्या रत्नागिरीला जातो आहे. त्यांनीही पुंगळी धरली तर बंदूक दुकानदाराकडे परत जाईल, मग कापणीत राखणीला ठासणीचीच. एकच राहिलं: कड फाटण्याइतका जोर बसल्यावर एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याची धार बोथट होते का, आणि ती डोळ्यांनी ओळखता येते का? दुकानात जाण्याआधी कळलं तर तिथेच दाखवून घेईन.