चिखलदऱ्याच्या धुक्यात सगळे फोटो राखाडी येऊन राहिले, काय चुकतंय?

अंबाझरीकर:
नमस्कार मंडळी, मागच्या रविवारी चिखलदऱ्याला जाऊन आलो, भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल सगळं पाहिलं, डोळ्यांनी इतकं भारी दिसत होतं की काय सांगू, अन घरी येऊन लॅपटॉपवर टाकले तर साडेतीनशे फोटोंत एक धड नाही. धुकं म्हणजे जुन्या बनियानसारखं कळकट, धबधबा नुसता पांढरा पट्टा. जुना डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स, सगळं ऑटोवर. ट्रायपॉड होता पण पावसामुळे डिक्कीतच राहिला. पुढच्या शनिवारी परत जाऊन राहिलो, यावेळी सासूबाई पण आहेत म्हणजे एकेका पॉइंटवर तासभर थांबणं काही जमणार नाही. बर्डीवरचा एक दुकानदार म्हणतो वाइड लेन्स घ्या, पंचवीस हजाराची. घेऊ का? बायकोला अजून सांगितलं नाही.

तर्री_पोहा:
पंचवीस हजार अन बायकोला न सांगता? फोटो राहू दे भाऊ, आधी हेल्मेट घे.

सेमिनरी_हिल्सवाला:
लेन्स अजिबात घेऊ नका. कॅमेऱ्याला वाटतं समोरचं सगळं मिळून सरासरी राखाडीच असलं पाहिजे, त्याला काय माहीत धुकं आहे म्हणून, तो पांढऱ्याला दाबून टाकतो. ए किंवा एव्ही मोडवर या (त्यात लेन्सचं छिद्र आपण ठरवतो, शटर कॅमेरा; फुल ऑटोत बहुतेक कॅमेरे ऐकतच नाहीत) अन ते फोटो उजळ-गडद करायचं +/- चं बटन आहे ना ते +१ वर न्या, धुकं फारच दाट असलं तर थोडं आणखी. मग हिस्टोग्राम म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख पाहा (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं), ढीग उजवीकडे सरकला पाहिजे पण भिंतीला चिकटला नाही पाहिजे. धबधब्याला उलटं. तिथे आजूबाजूला काळा ओला कातळ, कॅमेरा त्याला उजळवायला जातो अन पाणी नुसतं पांढरं फाटतं, म्हणून -०.७ वगैरे. रॉमध्ये (जेपेगऐवजी कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, नंतर सावरता येतं.

पाणी रेशमासारखं पाहिजे असेल तर ट्रायपॉड डिक्कीतून काढावाच लागेल, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, छिद्र एफ/११ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर पाव ते अर्धा सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. शटर हळू करायला एफ/२२ वर जाऊ नका, फोटो मऊ पडतो. सराव घरच्या नळाखाली करा, मी तसाच शिकलो, आई ओरडायची पाणी वाया चाललं म्हणून.

अन एक, धुक्यात दरीचा फोटो काढूच नका, तिथे काही नसतंच हो! रेलिंग, वाकडं झाड, शेळी, असं जवळचं काहीतरी गडद पकडा, त्याच्या मागे फिकट झाड, त्याच्या मागे त्याहून फिकट. यासाठी लेन्सचं ५५ चं म्हणजे झूमचं टोक १८ च्या वाइड टोकापेक्षा बरं. वाइडवर नुसतं पांढरं आभाळच भरतं फ्रेममध्ये. ऑटोफोकस धुक्यात चाचपडतो, तेव्हा खोडाच्या कडेवर फोकस करा.

रामटेकची_पोर:
दादाचं एकदम बरोबर. खर्चच करायचा असेल तर पोलरायझर घ्या, लेन्सपुढे लावायचा फिरता फिल्टर. लोकांना वाटतं ते निळ्या आभाळासाठीच असतं, पण पावसात ओल्या पानांवरची अन दगडांवरची चकाकी तोच मारतो, हिरवा रंग एकदम बाहेर येतो. फिरवत फिरवत पाहायचं. दीडेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, म्हणजे धबधब्याला शटर आपोआप हळू, दुहेरी फायदा. लेन्सच्या पुढच्या कड्यावर गोल चिन्हापुढे आकडा असतो, तेवढ्याच मापाचा घ्या.

वऱ्हाडी_झूम:
सगळ्यायनं सेटिंग सांगतली पण खरी गोष्ट कोनीच नाही. एसी गाडीतून थंडगार कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर दव धरते. मी एकदा अर्धा तास फोटो काढले, मले वाटे काय जबरी धुकं आहे बाप्पा, अन धुकं होतं माह्या लेन्सवर! पुसू नका, बॅग बंद ठेवून अर्धा घंटा जाऊ द्या. घरी आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसंगं ठेवा, नाहीतर बुरशी लागते.

फुटाळा_चौपाटी:
इतकं करण्यापेक्षा मोबाइल काढा ना राव. माझे मोबाइलचे फोटो यांच्या डीएसएलआरपेक्षा भारी येतात.

सेमिनरी_हिल्सवाला:
येतात, नाही म्हणत नाही. पण त्यातही स्क्रीनवर बोट दाबून उजेड वरच सरकवावा लागतो, गोष्ट तीच. अंबाझरीकर, पावसाळा संपला की पेंचला जा, २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखलेली जागा, ताऱ्यांच्या फोटोंसाठी ट्रायपॉड तिथे वसूल होईल. जंगलाच्या रस्त्यावर मात्र कुठेही गाडीतून उतरू नका, मेळघाटातसुद्धा.

अंबाझरीकर:
सगळ्यांचे आभार, लेन्स रद्द. कड्यावर ५८ लिहिलंय, आज संध्याकाळी पोलरायझर आणतो. पहाटे चारला निघून राहिलो. सासूबाईंना छत्री घेऊन जवळच्या गडद वस्तूच्या जागी उभं करावं म्हणतो.

वऱ्हाडी_झूम:
करा, पण त्यायले वस्तू म्हनू नका. अन घाटाच्या आधी परतवाड्यालेच एसी बंद करजा.