आईच्या रुखवतातील पत्र्याची पेटी पंचाहत्तरीच्या सजावटीत मांडायची आहे: मूळ चित्र न घालवता गंज कसा काढावा?

नमस्कार. जानेवारीत आईची पंचाहत्तरी आहे. त्यानिमित्त यावल तालुक्यातील आमच्या शेतात भरीत पार्टी ठरली आहे. वांगी पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजायची, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या करायच्या आणि पंगत केळीच्या पानांवर बसवायची, एवढे नक्की झाले आहे. प्रवेशाजवळ १९७२ साली आईच्या रुखवतात आलेली पत्र्याची पेटी झाकण उघडून मांडावी, झाकणाच्या आतील बाजूस जुनी छायाचित्रे लावावीत आणि पेटीत झेंडूची फुले भरावीत, असे माझ्या मनात आहे.

पेटी अडीच फूट लांब आहे. दर्शनी बाजूवर हाताने रंगवलेला मोर आणि त्याखाली आईचे माहेरचे नाव आहे. नावातले शेवटचे अक्षर जागा न पुरल्याने बारीक काढलेले आहे, आणि आईला तेच अक्षर सर्वांत प्रिय आहे. म्हणून पेटी सरसकट नव्याने रंगवणे मला मुळीच मान्य नाही.

गंज मुख्यतः तळाला आणि कडीकोयंड्याभोवती आहे. एका कोपऱ्यावर मी कोरडा पॉलिश पेपर फिरवला, तेव्हा गंजाबरोबर वेलीचे एक पानही निघून आले. शिवाय त्या काळच्या तैलरंगांत बहुधा शिसे असे (घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली), त्यामुळे ती धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून मी काम तिथेच थांबवले. याच कारणासाठी पेटीत खाण्याचा कोणताही पदार्थ ठेवणार नाही.

आता नेमके प्रश्न असे. चिंचेच्या कोळाने किंवा व्हिनेगरने गंज सुटतो हे मला ठाऊक आहे, परंतु ते आम्ल चित्राच्या कडेपर्यंत झिरपू नये यासाठी काय लावावे? आतील पत्र्यावर जस्ताचा मुलामा दिसतो. दुकानदार थेट तैलरंग द्या म्हणतात, पण जस्तावर तैलरंगाचा साबणासारखा थर होऊन पापुद्रे सुटतात. तेव्हा आत आधी कोणता प्रायमर द्यावा? मोरावर संरक्षणासाठी वॉर्निश द्यायचे झाल्यास, पुढे पिवळे न पडणारे कोणते घ्यावे? झाकण जड असल्याने उघडे ठेवले की पेटी मागे कलंडते. पत्र्याला नवे भोक न पाडता ते कसे तोलून धरता येईल, हेही कृपया सांगावे.

पेटीचे काम स्वतः केलेल्यांचा अनुभव मला अधिक उपयोगी पडेल. हातात जेमतेम पाच आठवडे आहेत.