दोऱ्याचा गोल लॅम्पशेड फुगा काढताना चेपतो, मदत हवी आहे

फुग्यावर सुती दोरा गुंडाळून लॅम्पशेड करायचा आहे. फुगा 25 सेंमी, पांढरा गोंद 2 भाग, पाणी 1 भाग, वाळवण 24 तास. फुग्याला आधी व्हॅसलिन चोपडलेलं आहे. नाहीतर दोरा रबराला चिकटतो आणि फुगा आकसताना जाळी आत ओढतो. तरी वरचा भाग कडक, खालचा मऊ. गोंद ओघळून खाली साचतो, तिथे नीट वाळतच नाही. फुगा फाटकन फोडायचा नाही, गाठीजवळ बारीक चीर देऊन हवा हळू सोडायची, इथपर्यंत ठीक.

पाणी कमी करावं, की कॉर्नफ्लोअरची खळ मिसळावी? खळीने जाळी ठिसूळ होईल का? आत 3 वॉटचा एलईडीच बसवणार (गरम होणाऱ्या बल्बने गोंद मऊ पडतो).