मदत हवी आहे: कार्बन डॉट्सचा निळा प्रकाश नेमका कुणाचा?

सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमीन ऑटोक्लेव्हमध्ये (बंद दाबपात्रात) २०० अंश सेल्सिअसला तापवून कार्बन डॉट्स, म्हणजे काही नॅनोमीटरचे चमकणारे कार्बनी कण, केले आहेत. ३६० नॅनोमीटरने उत्तेजित केल्यावर ४५० च्या आसपास प्रखर निळा प्रकाश मिळतो; उत्तेजन ३२० ते ४०० दरम्यान बदललं तरी शिखर जागचं हलत नाही.

१ किलोडाल्टनच्या पिशवीत डायलिसिस केलं (साधारण त्याहून लहान रेणू तिच्या पडद्यातून बाहेर जातात), तर बरीचशी चमक बाहेरच्या पाण्यात गेली. म्हणून दाट शंका येते, की हे तेज याच अभिक्रियेत बनणाऱ्या आयपीसीए या लहान, स्वतःच निळ्या चमकणाऱ्या रेणूचं आहे. एफटीआयआरमधले (अवरक्त वर्णपटातले) कार्बोनिलचे (C=O गटाचे) पट्टे कण आणि आयपीसीए दोन्हींत अपेक्षितच, त्यावरून निर्णय होत नाही. आतल्या-बाहेरच्या द्रावणांची चमक ताडताना द्रावणानेच प्रकाश गिळून आकडे बिघडू नयेत म्हणून शोषकता ०.१ च्या खाली ठेवली होती.

प्रकाशाचं आयुर्मान (उत्तेजनानंतर तो किती वेळ टिकतो) मोजायची सोय नाही. ध्रुवक (पोलरायझर) बसवता येणारा फ्लुओरिमीटर, म्हणजे चमक मोजणारं यंत्र, आणि रेणू वेगळे करायला सिलिका कॉलम आहे.

पिशवीत उरलेल्या कणांचा प्रकाश पृष्ठभागावरच्या गटांचा की कणाला घट्ट जोडलेल्या आयपीसीएचा, हे एवढ्या साधनांत कसं ठरवावं?